झडप प्रत्यक्ष वापरात आहे

सोमवार, ४ मार्च

आज संचालकांनी बोलावून धोरणाचा अहवाल माझ्या गळ्यात घातला. गळ्यात घातला म्हणतो खरं, पण मला तो हारासारखाच वाटला. सरकारी प्रयोगशाळांतले शोध पूर्वी तिथेच धूळ खात पडायचे. मग नवं धोरण आलं. शोधाचं पेटंट घ्यायचं, खासगी कंपनीला परवाना द्यायचा आणि कंपनीने ती वस्तू बाजारात आणायची. हे पुढे चालू ठेवायचं की नाही ते मंत्रालय जूनमध्ये ठरवणार आहे, आणि त्याआधी त्यांना आमच्या संस्थेचा अभ्यास हवाय.

"आकडे उत्तम आहेत," संचालक म्हणाले. "तुम्ही त्यांना फक्त बोलतं करा."

आकडे खरोखर उत्तम आहेत. परवाने तिपटीने वाढलेत. पण नुसत्या आकड्यांनी मंत्र्यांचं समाधान होत नाही, त्यांना गोष्ट लागते. आणि गोष्ट माझ्या घरातच आहे. माझी थोरली बहीण, ताई, सरकारी प्रयोगशाळेत रबरावर काम करते. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी तिने श्वासाच्या नळीला लावायची एक झडप शोधून काढली. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू, पण ती लावली की मोठ्या यंत्राशिवायही बाळाच्या फुप्फुसात हवेचा दाब टिकून राहतो. चार वर्षांपूर्वी श्वासयंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने तिचा परवाना घेतला, तोही एकट्यापुरता. म्हणजे ती झडप आता दुसऱ्या कुणालाही बनवता येत नाही.

ताई आमच्याच घरात तळमजल्यावरच्या खोलीत राहते. संध्याकाळी जिन्यात गाठून तिला सांगितलं, पहिलं प्रकरण तुझ्यावर.

"दुसरं कुणीतरी बघ," ती म्हणाली.

"विनय पुरे झाला."

"विनय नाही रे. खरंच बघ दुसरं कुणीतरी."

तिचं हे असंच. शाळेत बक्षीस घ्यायलासुद्धा तिला मागून ढकलावं लागायचं.

शनिवार, ९ मार्च

सकाळपासून खालून जळक्या रबराचा वास. ताईने टेबलावर मावेल अशी छोटी भट्टी आणलीय. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून डोकावलो, तर पाण्याने भरलेल्या काचेच्या उभ्या नळ्या आणि त्यांतून शांतपणे वर येणारे बुडबुडे. मला पाहून तिने टेबलावर फडकं टाकलं. बोटांवर भाजल्याचे डाग आहेत.

"नवीन काही चाललंय वाटतं?"

"जुनंच. कुठे बिघडतं ते बघतेय."

मी काय ते ओळखलं. बाईसाहेब दुसऱ्या शोधाच्या मागे आहेत, आणि पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत अवाक्षर काढणार नाहीत. बरोबरच आहे, आधी बोभाटा झाला तर पेटंट हातचं जातं. निवृत्तीच्या उंबरठ्यावर ही उमेद. अहवालात एक वाक्य नक्की: 'धोरणामुळे संशोधकांत नवा उत्साह दिसतो.'

आमची ही शाळेतलं शिकवणं आटोपून तिच्या मावशीकडे गेली. हल्ली प्रत्येक शनिवारी जाते. मावशीचे गुडघे फारच दुखत असावेत. पूर्वी वर्षातून एकदा जायची, आणि तेही कुरकुरत.

गुरुवार, २१ मार्च

कंपनीला झडपेच्या विक्रीचे आकडे मागितले होते. आज उत्तर आलं, अत्यंत सभ्य. व्यापारी गोपनीयतेमुळे आकडे देता येत नाहीत. संचालक म्हणतात, परवाना दिलाय एवढं लिहा, पुरे आहे. मला पुरे वाटत नाही. वस्तू वापरात आहे हे डोळ्यांनी पाहून लिहिलं तर त्या वाक्याला वजन येईल. सुरुवातीच्या चाचण्या ज्या लहान गावातल्या इस्पितळात झाल्या होत्या, तिथे जाऊन येतो.

ताईला सांगितलं नाही. तिला चकित करायचं आहे.

मंगळवार, २ एप्रिल

इस्पितळ पाहिलं. बसमध्ये पाठ आखडली, पण चीज झालं.

नवजात विभाग म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला हिरवा रंग, खिडक्यांना जाड पडदे, आत ऊब. मोठं श्वासयंत्र एकच, आणि त्यावर 'बंद' अशी चिठ्ठी. विभागाच्या प्रमुख सिस्टर साठीच्या जवळ आलेल्या, आवाज बारीक, चाल झपाझप. त्यांनी मला एका पेटीपाशी नेलं. आतलं बाळ माझ्या तळहाताहून फार मोठं नसेल. नाकाशी बारीक नळी, आणि तिच्या टोकाला ताईची झडप. बाळाची छाती वर-खाली होत होती.

"या झडपा नियमित मिळतात?" मी विचारलं.

"मिळतात. रबर कडक झालं की जुन्या परत नेतात, नव्या देतात."

"आणून कोण देतं?"

"एक बाई येतात शनिवारच्या. फार बोलत नाहीत. पिशवी ठेवतात, पेट्यांपाशी जरा उभ्या राहतात, जातात."

कंपनीने वितरणासाठी बाई नेमली आहे हे मला विशेष आवडलं. जुन्या झडपा परत नेतात म्हणजे दर्जाचीही काळजी आहे. मी फोटो काढले. तोवर सिस्टरांचा चेहरा बदलला होता.

"तुम्ही कुठून आलात म्हणालात?"

मी संस्थेचं नाव सांगितलं.

"आणि हे सगळं लिहिणार?"

"अभिमानानं लिहिणार," मी म्हणालो.

त्यानंतर त्या कामात गुंतल्या. साधी माणसं प्रसिद्धीला बिचकतात.

शुक्रवार, १२ एप्रिल

मसुदा पूर्ण. जेवताना झडपेचा परिच्छेद ताईला आणि हिला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मला स्वतःलाच आवडलंय: 'परवाना मिळाल्यापासून ही झडप प्रत्यक्ष वापरात आहे.'

ताईने हातातला घास ताटात ठेवला. "इस्पितळाचं नाव घातलंस?"

"घालणारच. नावाशिवाय पुरावा कसला?"

"मसुदा कुणाकुणाकडे गेलाय?" हिने विचारलं.

"सगळ्या कंपन्यांकडे. काल पाठवला. त्यांचं म्हणणं मागवायची पद्धत आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताई उठून हात धुवायला गेली ती परत आलीच नाही, खाली खोलीत गेली. हीसुद्धा ताटातलं नुसतं चिवडत बसली. जेवणात मीठ कमी होतं, त्यामुळे असेल. ताईला एकदम भरून आलं असावं, असं मी म्हटलं. ही म्हणाली, "हो, भरून आलंय खरं."

बुधवार, २४ एप्रिल

संचालकांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि कंपनीच्या वकिलाचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. मी ते उभ्यानेच वाचलं. मजकूर थोडक्यात असा: आम्ही या झडपेचा एकही नग अद्याप बनवलेला नाही. तेव्हा तुमच्या अहवालानुसार सदर इस्पितळात 'प्रत्यक्ष वापरात' आहे ती झडप कुणी बनवली, ते कृपया कळवावं.

भट्टी. बुडबुडे. बोटांवरचे डाग. पत्र खाली ठेवेपर्यंत सगळं समजलं होतं. संचालक माझ्याकडे बघत होते. "तुमच्या भगिनीच ना त्या?" ते म्हणाले. हे त्यांनी प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं.

घरी आलो तर ही पेपर तपासत होती. मी म्हटलं, "ताई घरी झडपा बनवते. तुला कल्पना आहे का?"

तिने लाल पेनाला टोपण लावलं. "शनिवारी मी मावशीकडे जात नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, की मला का नाही सांगितलं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते एखाद्या तक्त्यात बसवलं असतं."

हे ती रागाने म्हणाली नाही. राग असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, २५ एप्रिल

सकाळी ताईकडे गेलो. फडकं काढलेलं होतं. टेबलावर साच्यांतून नुकत्या काढलेल्या झडपा ओळीने मांडलेल्या, दुधाळ रंगाच्या.

"त्यांनी बनवल्या का नाहीत?" मी विचारलं.

"त्यांचा धंदा यंत्रांचा. एका यंत्राच्या पैशांत पोतंभर झडपा येतील. मग यंत्र कोण विकत घेईल? परवाना घेतला आणि कपाटात ठेवला. झडपेवरच झडप घातली म्हण." ती हसली नाही. "मी त्यांना लिहिलं, प्रयोगशाळेला लिहिलं. विचाराधीन आहे म्हणाले. चाचणीतल्या झडपा कडक होत चालल्या होत्या. मग थोड्या करून दिल्या, तेवढ्यापुरत्या. तेवढ्यापुरतं कधी संपतं का?"

"आणि एखादी फाटली असती तर? बाळाच्या नाकाशी?"

"एकेक झडप दोन दिवस बुडबुड्यांवर ठेवते. तरीही फाटू शकते. हा प्रश्न मी स्वतःला विचारला नसेल असं वाटतं तुला?"

"मग उत्तर काय आलं?"

"उत्तर नाही आलं. सिस्टरांचा फोन आला."

मी तिला म्हटलं, माझ्याशी एकदा तरी बोलायचं होतंस. मी काहीतरी केलं असतं.

"तू परवाने मोजत होतास," ताई म्हणाली, आणि साचे आवरायला लागली. दुपारी प्रयोगशाळेची माणसं येऊन भट्टी, साचे, झडपा सगळं घेऊन गेली. तिला चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही असं कळवलंय. इस्पितळालाही आदेश गेला, होत्या त्या झडपा जमा करा. ताईने गाडीत खोकी ठेवायला त्यांना मदत केली.

सोमवार, ६ मे

बाकीच्या परवान्यांचं काय, हा प्रश्न पाठ सोडत नव्हता. यादी घेऊन एकेका संशोधकाला फोन लावतोय. विचारतो एवढंच, की तुमची वस्तू कुठे विकत मिळते.

एक बाई नुसत्या हसल्या आणि फोन ठेवला. एक जण म्हणाला, "मिळायला लागली की मलाही सांगा, एक घेईन म्हणतो." एका वृद्ध गृहस्थांनी गढूळ पाणी स्वच्छ करायची भुकटी शोधली होती. मी परवान्याबद्दल बोलायला लागलो तशी त्यांना मी कंपनीचा माणूस वाटलो. "आलात एकदाचे," म्हणाले, आणि आत कुणाला तरी हाक मारून सांगितलं, "अगं, त्यांचा फोन आला." मी कोण आहे ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते फार शांतपणे ऐकून घेतलं.

निम्म्याहून कितीतरी अधिक ठिकाणी काहीच बनत नाही. काही कंपन्या चाचपडतायत, त्यांचा दोष नाही. काहींनी मात्र दुसऱ्याच्या हाती लागू नये एवढ्यासाठीच घेतलंय. धोरणात एक कलम आहे, तीन वर्षांत उत्पादन केलं नाही तर सरकारने परवाना परत घ्यावा. ते आजवर एकदाही वापरलेलं नाही. ते वापरायचं तर काय बनतंय आणि काय नाही हे कुणीतरी पाहायला हवं, आणि आम्ही पाहत होतो ती परवान्यांची संख्या.

गुरुवार, १६ मे

सिस्टरांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी संस्थेतून मिळवला.

सोमवारी त्यांच्याकडे एक बाळ आलं. यंत्र नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं, त्यावर आधीच दुसरं बाळ होतं. झडप नव्हती. रुग्णवाहिकेतून मोठ्या इस्पितळात पाठवलं. वाटेतच गेलं.

"तुमच्यामुळे असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "फारच लहान होतं. झडप असती तरी राहिलं असतं की नाही, सांगता येत नाही."

मी विचारलं, मग मला का सांगताय.

"तुम्ही लिहिता म्हणाला होतात. म्हणून सांगितलं."

ताईला सांगायचं नाही असं ठरवलं. तिला आधीच ठाऊक होतं.

मंगळवार, २८ मे

संचालक आज फार प्रेमाने बोलले. कंपनीचे लोक भेटून गेले म्हणे. अहवालातला झडपेचा परिच्छेद थोडा बदलायचा. 'वापरात आहे' ऐवजी 'उत्पादनाच्या प्रगत टप्प्यावर आहे.' बाकी फोनाफोनीतून जे निघालं ते पुढच्या अभ्यासासाठी राखून ठेवायचं. तसं झालं तर कंपनी ताईविरुद्धची तक्रार मागे घेईल, प्रयोगशाळा चौकशी गुंडाळेल आणि ताई मानाने निवृत्त होईल.

"एका वाक्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "घरचं माणूस आहे. विचार करा."

खोटं कशाला लिहू, मी ते वाक्य लिहून पाहिलं. नीट बसतं. वाचणाऱ्याला कळणारही नाही.

रविवार, २ जून

ताईला विचारलं. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "लिही म्हटलं आणि उद्या माझं काही वाईट झालं, तर जन्मभर म्हणशील, ताईनेच सांगितलं होतं. लिहू नकोस म्हटलं तरी तेच."

"मग मी काय करू?"

"अहवाल तुझा आहे."

मला तिचा राग आला. सगळं ओझं माझ्याच डोक्यावर टाकून ही बाई चिमटे लावतेय. खाली येऊन हिच्यापुढे दोन्ही मसुदे टाकले. ती गणिताची शिक्षिका, कागद वाचते तो चूक शोधायलाच. दोन्ही वाचून म्हणाली, "यातला एक नापास आहे. कुठला ते तुम्हाला माहीत आहे. मला कशाला दाखवता?"

म्हणजे या घरात कुणीच मला उत्तर द्यायला तयार नाही.

मंगळवार, ११ जून

मंत्रालयात सादरीकरण झालं. आधी वाढलेल्या परवान्यांचा आलेख दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दुसरा दाखवला, त्यांतल्या किती वस्तू खरोखर बनतात त्याचा. या वेळी मान कुणाचीच हलली नाही. झडपेचं सगळं सांगितलं. ती बनवणारी माझी बहीण आहे, तिने नियम मोडला, तो का मोडला, आणि माझ्याच परिच्छेदाने त्या झडपा बंद झाल्या. बाळाचंही सांगितलं. त्याला ताईच्या किंवा माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरू नका, एवढंही सांगितलं.

सचिवांनी चष्मा काढला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही केलं काय?"

"परवाने दिले, साहेब."

संचालक शेवटपर्यंत समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. बाहेर पडताना माझ्याकडे न पाहता पुढे गेले.

शुक्रवार, १९ जुलै

निकाल एकेक करत आले. धोरणावरचा निर्णय पुढे ढकलला. कधीही न वापरलेलं कलम वापरून कंपनीला नोटीस गेली. मी दोन दिवस हवेत होतो. आज कळलं, कंपनीने झडपांची एक छोटी खेप बनवली, किंमत अशी लावली की लहान इस्पितळाने तिकडे बघूही नये, आणि उत्पादन सुरू असल्याचं कळवलं. परवाना शाबूत. माझ्या नव्या पद्धतीने मोजलं तरीही ती झडप आता 'बनते'.

ताईने राजीनामा दिला. ती झडप पुन्हा कधीही बनवणार नाही असं लिहून दिलं, त्यावर कंपनीने तक्रार सोडली. निवृत्तीचा समारंभ नाही, भाषणं नाहीत. तिचा डबा आणि छत्री एका पिशवीत घालून शिपायाने घरी आणून दिली. मला धोरण विभागातून काढून ग्रंथालयात बसवलंय. संचालक म्हणाले, तिथे तुम्हाला शांतता मिळेल.

मी चूक केली का? त्या दिवशी बदललेला मसुदा दिला असता तर ताई आज प्रयोगशाळेत असती. झडपा तेव्हाही मिळाल्या नसत्या. हे गणित मी रोज मांडतो आणि रोज अर्ध्यावर सोडतो.

रविवार, १८ ऑगस्ट

सकाळी ताई वर आली आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या स्वतःच्या पेटंटची प्रत टाकली.

"हे वाच. तुला ही भाषा कळते. यात मी काय काय अडवून ठेवलंय ते सांग."

मला वेळ लागला समजायला. ती झडप तिला बनवता येत नाही. पण पेटंट फक्त त्यात मांडलेल्या दाव्यांपुरतं असतं. त्या दाव्यांत न बसणारी, वेगळ्याच तऱ्हेने तेच काम करणारी वस्तू कुणालाही करता येते. अगदी ताईलासुद्धा. तिला स्वतःच्याच शोधाला वळसा घालून जायचं आहे.

"आणि मग त्याचं पेटंट?"

"घेणार नाही. उघड छापून टाकणार. मग ते कुणालाच घेता येणार नाही आणि कुणालाही बनवता येईल. यावेळी चाचण्याही रीतसर. सिस्टरांच्या डॉक्टरांशी बोललेय. वर्ष जाईल, कदाचित दोन."

मी वाचायला बसलो. ही पलीकडे पेपर तपासत होती. एकेक दावा वाचून मी त्याचा साध्या भाषेत अर्थ सांगायचो आणि ताईचा चेहरा पडत जायचा. तिसऱ्या दाव्याला तिने थांबवलं.

"परत वाच."

"अर्धगोलाकार अथवा तत्सम आकाराचा लवचीक पडदा."

"तत्सम कुणी घातलं?"

"तुझी सही आहे."

"हो, मीच. वकील नको म्हणत होता, मी हट्टाने घातलं. कुणी पळवाट काढू नये म्हणून." तिने कपाळाला हात लावला. "किती घट्ट लिहिलंय मी हे."

मग ताई म्हणाली, "पडदाच नसला तर?"

हिने पेपरातून मान वर केली. मी पहिल्या दाव्यापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा पाहिलं. प्रत्येकात पडदा आहे. एकही दावा पडद्यावाचून उभा राहत नाही.

"पडदा नसला तर यातलं काहीच लागू होत नाही," मी म्हणालो. "पण मग हवा अडवणार कशानं?"

"ते ठाऊक असतं तर तुला वाचायला कशाला बसवलं असतं?" तिने हिच्या हातातलं लाल पेन घेतलं, पाठकोऱ्या कागदावर एक नळी काढली आणि तिच्या तोंडाशी थांबली. "पुढे वाच."